हौदातलं वऱ्हाड

सासरी आलेल्या जावयाने हौदात वाकून बघू नये. जेवावं, सुपारी चघळावी, पंख्याखाली आडवं व्हावं, संध्याकाळी सासऱ्याबरोबर पांझरेच्या पुलापर्यंत चालून यावं आणि आल्यावर 'यंदा उकाडा फार' असं म्हणावं. एवढं केलं की जावई चांगला. तानुबाईंनी नऊ वर्षांत याहून जास्त काही मागितलं नव्हतं. पण चोपड्याचे अभिमनराव आले, चपला काढल्या, पाण्याचा तांब्या तोंडाला न लावता तसाच हातात धरून परसात गेले आणि कमरेत वाकून हौदात बघत राहिले. इतका वेळ, की शेवटी शालिग्रामभाऊ उठून मागे गेले. शालिग्रामभाऊ म्हणजे तानुबाईंचे यजमान, एसटीतले निवृत्त कंडक्टर. पंखा चालू असताना ते उठले, ही त्या वर्षातली पहिलीच वेळ.

"आई!" अभिमनरावांचा आवाज हौदातून घुमून आला. "याला कोणी हात लावू नका!"

'याला' म्हणजे शेवाळाला.

आता हे शेवाळ झालं कसं, तर त्यालाही एका पुरुषाचीच अक्कल कारण. वैशाखात शालिग्रामभाऊंनी हौदावरचा पत्रा काढून स्कूटरवर टाकला. स्कूटरला ऊन लागतं म्हणून. स्कूटर चार वर्षं बंद आहे, ते सोडा. ऊन हौदात पडलं आणि बघता बघता पाण्यात हिरवे केस आले. लांब, मऊ, बुळबुळीत. हातात धरावे तर बोटांतून निसटावेत. तानुबाईंनी ठरवलं होतं की मंगळवारी हौद उपसायचा, चुना आणि काथ्या घेऊन घासायचा, गुरुवारी नळ आला की भरायचा. कारण रविवारी त्यांच्या घरी कानबाई बसणार होती.

हे 'त्यांच्या घरी' नीट समजून घ्यायला हवं. श्रावणातली कानबाई ही आमच्या खान्देशातली देवी, कुळाची. थोरल्या घरी बसते, सगळी भाऊबंदकी तिथे जमते. तानुबाईंच्या कुळात ती एकतीस वर्षं सोनगीरला, जेठाणी, म्हणजे थोरल्या जाऊ, सुंदरबाईंच्या घरी बसत होती, आणि एकतीस वर्षं तानुबाई दुसरीच्या ओट्यावर पुरण वाटून, दुसरीचं 'जरा बारीक वाट' ऐकून परत येत होत्या. यंदा सुंदरबाईंचे गुडघे गेले. त्यांनी निरोप धाडला, "यंदा तुनाकडे बसाडू, तानु. पण आधी मी ईसन देखसू. घरमा सोवळं दिसनं नही, तर टोपली डोकावरथीन उतारसू नही."

म्हणजे कानबाईच्या नारळाची टोपली देवपुरात तानुबाईंच्या दारी उतरली तर कानबाई देवपूरची झाली. नाही उतरली तर पुन्हा पुरण वाटायला सोनगीर.

अभिमनरावांना हे सगळं माहीत होतं. ते चोपड्याच्या कॉलेजात झाडंझुडपं शिकवतात आणि देवपुरातल्या एका कॉलेजात आठ दिवसांच्या उजळणी वर्गाला म्हणून सासरी उतरले होते. पण बेचाळिसाव्या वर्षी त्यांची डॉक्टरकी चालू होती. औषधाची नव्हे, दुसरी, जिने कोणी बरं होत नाही ती. विषय, खान्देशातलं गोड्या पाण्यातलं हिरवं शेवाळ. पाच वर्षं हा माणूस नाले, तळी, विहिरी धुंडाळत बाटल्या भरतोय. लेक दिपमालाने एकदा फोनवर सांगितलं होतं, "आई, आमच्या फ्रिजमध्ये दूध मावत नाही. एकदा तर मी त्यातली बाटली पाहुण्यांना सरबत म्हणून दिली." पाहुणे पुन्हा आले नाहीत. काही फायदे असतात.

मंगळवारी सकाळी तानुबाई काथ्या शोधत असताना ओट्यावरचा मिक्सर सरकवून तिथे अभिमनरावांचा सूक्ष्मदर्शक बसला.

"आई, बघा तर खरं."

तानुबाई दुसरी नापास. शाळा सुटल्यापासून त्यांना कोणी 'बघा' म्हणून काही दाखवलं नव्हतं. 'इथे सही करा' एवढंच सगळे म्हणत आले. त्यांनी एक डोळा मिटून पाहिलं. काचेच्या नळीत हिरवी नाडी पिळून घालावी तसं दिसत होतं. तशा दोन नळ्या शेजारी शेजारी, आणि मधे शिडीच्या पायऱ्यांसारख्या बारीक दांड्या. बरं दिसत होतं. पण असं जावयापुढे म्हणायचं नसतं.

"हे काय, जिना आहे का?"

"लग्न आहे," अभिमनराव म्हणाले. त्यांचे डोळे चमकत होते. "दोन धागे जवळ येतात, मधे पूल धरतात, इकडचा जीव तिकडे जातो, मग बी धरतं. ते बी बघितल्याशिवाय जात सांगता येत नाही. पाच वर्षांत मला एकदाही लग्न लागताना सापडलं नव्हतं, आई. तुमच्या हौदात सापडलं!"

"श्रावणात?"

"हो."

"चातुर्मासात लग्न? मुहूर्त कोणी काढला?"

अभिमनराव मनापासून हसले. तानुबाई हसल्या नव्हत्या. "किती दिवस चालायचं हे लग्न?"

"बी धरेपर्यंत. पाच-सहा दिवस."

तानुबाई स्वयंपाकघरातून बाहेर आल्या आणि पंख्याखालच्या माणसाला म्हणाल्या, "उठा. तुमना जवाई आपला हौदमा वऱ्हाड लई ऱ्हायना." शालिग्रामभाऊंनी कूस बदलली. जावयाला बोलता येत नाही, म्हणून नवऱ्याला बोलायचं. संसारात नवऱ्याचा हा एक उपयोग आहे.

देवपुरात एखाद्याच्या हौदात शेवाळ झालं, ही बातमी पसरायला पाणी तापायला लागतो तेवढा वेळ लागतो. दुपारपर्यंत गल्लीतलं एकेक डोकं हौदावर वाकून गेलं. कोणी म्हणालं तुरटी फिरवा. कोणी म्हणालं मोरचूद टाका, रात्रीत साफ. तेच पाणी प्यालं तर माणूसही साफ, हे त्याने सांगितलं नाही. शेवग्याच्या बिया कुटून टाकायला सांगणाऱ्या बाईंच्या स्वतःच्या दारात शेवगा होता, पण बिया त्यांनी आणल्या नाहीत. आणि समोरच्या माडीवरच्या काकू वरूनच ओरडल्या, "अहो, हे वाळवून गोळ्या करतात! मोठ्या शहरांत लोक सकाळी अनशापोटी गिळतात!"

"या खाली," तानुबाई म्हणाल्या. "वाटीभर देते. ताजं आहे."

बुधवारी मोहनबाई आल्या. मोहनबाई आणि दलिचंदशेठ हे मागच्या दाराचे शेजारी, कापडाचे व्यापारी, जैन, धर्माला फार कडक. दोन घरांमधून एक अरुंद बोळ जातो. हौदाची तोटी गळते, ते पाणी बोळातून सावकाश वाहतं. त्यामुळे बोळही हिरवा झाला होता. एरवी कोणी लक्ष दिलं नसतं. पण त्यांच्या दारापुढचा रस्ता गटारासाठी खोदलेला, म्हणून मोहनबाईंच्या घरी यायला बोळ हीच एक वाट उरली होती.

मोहनबाई पदराने डोळे पुसत होत्या. "तानुबाई, आज महासतीजी गोचरीला आल्या होत्या. बोळाच्या तोंडापासून परत गेल्या." महासतीजी म्हणजे त्यांच्या साध्वी, गोचरी म्हणजे त्यांची भिक्षा.

"का?"

"हिरवं दिसलं ना. शेवाळात अनंत जीव असतात. त्यावर पाय कसा देणार? माझ्या दारातून महासतीजी रिकाम्या परत गेल्या हो, चौमासात!"

"मग घासून टाकू."

मोहनबाईंनी दोन्ही कानांवर हात ठेवले. "असं बोलू नका! घासणं पाप, घासायला सांगणं पाप, कोणी घासलं तर 'बरं झालं' म्हणणं सुद्धा पाप. आम्ही चौमासाआधीच हौद, ओटा, सगळं रंगवून घेतो, म्हणजे हिरवं धरतच नाही. आता धरलं, आता काही करता येत नाही."

"मग तुम्ही माझ्याकडे कशाला आलात?"

"मी काहीच सांगायला आले नाही," मोहनबाई घाईघाईने म्हणाल्या. "घासा असंही नाही म्हणत, घासू नका असंही नाही. मी फक्त येऊन बसले."

आणि त्या अर्धा तास नुसत्या बसून, उसासे टाकून गेल्या. तानुबाईंनी आयुष्यात पुष्कळ भांडणं केली. पण काहीच न मागणाऱ्या बाईशी कसं भांडायचं, हे त्यांना कोणी शिकवलेलं नव्हतं.

बुधवारी संध्याकाळी शालिग्रामभाऊंनी तोडगा काढला. कंडक्टरची बुद्धी. गाडी बंद पडली की माणसं दुसऱ्या गाडीत बसवायची. "शेवाळ दुसऱ्या भांड्यात हलवा. वऱ्हाडाला मांडव बदलून द्या. हौद रिकामा होईल."

अभिमनरावांनी गुरुवारी पहाटेपासून वऱ्हाड हलवलं. त्याच हौदाचं पाणी हवं, उथळ भांडं हवं, ऊन हवं. दोन पिंपं भरली, घंगाळ भरलं, बादल्या भरल्या. तानुबाई नळाची वाट बघत गच्चीवर गेल्या, तर तिथे उन्हात त्यांची मोठी पितळी परात. रोटाच्या, म्हणजे कानबाईच्या नैवेद्याच्या पोळ्यांच्या, कणकेसाठी चिंचेने घासून, धुतल्या फडक्यात बांधून ठेवलेली. काठोकाठ हिरवी.

तानुबाईंचं तोंड उघडलं. मग मिटलं. जावई. त्या खाली आल्या आणि म्हणाल्या, "उठा."

"आता काय?" शालिग्रामभाऊ म्हणाले.

"काही नही. नुसतं उठा. मन्हं डोकं शांत व्हवाले पाहिजे."

हौद मात्र घासून पांढराशुभ्र झाला. आणि त्या गुरुवारी नळाने दोनदा खाकरून हवा सोडली. कुठेतरी पाइप फुटला होता. पुढची पाळी सोमवारी.

म्हणजे हौद स्वच्छ आणि कोरडा, भांडी भरलेली आणि हिरवी. घरात प्यायचं पाणी दीड हंडा. तानुबाई शालिग्रामभाऊंना घेऊन टँकर मागायला पालिकेच्या कचेरीत गेल्या. एकट्या नवऱ्याला पाठवण्यात अर्थ नव्हता. चाळीस वर्षं खरं तिकीट फाडलेला माणूस, अर्जातही खरंच लिहितो. त्याने लिहिलं, 'हौदात शेवाळ झाल्याने हौद रिकामा केला, तरी टँकर मिळावा.'

खिडकीतल्या साहेबांनी वाचलं. "शेवाळ म्हणजे आरोग्याचा विषय. खिडकी चार."

चारच्या साहेबांनी वाचलं. "हौद आमचा विषय. शेवाळ नाही. डास आहेत का?"

"डास कशाला असतील?" तानुबाई ताठ झाल्या. "स्वच्छ घर आहे आमचं."

"मग अर्ज घेता येत नाही. डास असतील तरच आम्ही येतो. मग पाण्याचं पुढे बघता येईल."

तानुबाईंनी साहेबांकडे पाहिलं, रविवारचा विचार केला, आणि जन्मात पहिल्यांदा स्वतःच्या घराची बदनामी स्वतःच्या तोंडाने केली. "असतील हो. एखाद-दोन."

"लिहा," साहेब म्हणाले. शालिग्रामभाऊंनी लिहिलं. तानुबाईंनी सही केली. 'तानु' आलं, 'बाई' रेघेच्या बाहेर गेलं.

शुक्रवारी दुपारी त्या बाजारातून नारळ घेऊन आल्या तर दारावर कागद डकवलेला. तानुबाई अक्षर अक्षर लावून वाचतात. "या... घ-रा-त... डा-सां-च्या..." पुढचं त्यांनी वाचलं नाही. गल्लीने आधीच वाचलं होतं. कचेरीची दोन माणसं येऊन गेली होती. टँकर आणला नव्हता, प्लास्टिकची पिशवी आणली होती. पिशवीत गप्पी मासे. डासांच्या अळ्या खातात म्हणून दिसेल त्या पिंपात, घंगाळात, परातीत त्यांनी चार-चार मासे सोडले आणि शालिग्रामभाऊंची सही घेतली. शालिग्रामभाऊंनी ती दिली. मासे सोडले हे खरं होतं ना.

मासे! श्रावणात! कानबाईच्या कणकेच्या परातीत!

तानुबाईंनी हातातले नारळ खाली ठेवले. तेवढ्यात वर्गाहून अभिमनराव आले आणि त्यांनी अशी किंकाळी फोडली की मोहनबाई मागच्या दारात धावत आल्या. "आई, हे शेवाळपण खातात! अहो, वऱ्हाड खातायत!"

"मारू नका हो!" मोहनबाई दारातूनच ओरडल्या.

मग काय. संध्याकाळ होईपर्यंत जावई चहाच्या गाळणीने मासे पकडत होते, एकेक करून, जपून. सासरे पिठाचा डबा धरून उभे. मोहनबाई मासे मोजत होत्या, एखादा राहून गुदमरू नये म्हणून. शेवटी शालिग्रामभाऊ डबा मांडीवर घेऊन रिक्षाने कॉलेजच्या तळ्यापर्यंत गेले आणि सगळे सोडून आले. रिक्षावाल्याने विचारलं, "भाऊ, डब्यात काय?" हे म्हणाले, "प्रवासी."

परतून ते बघतात तर अभिमनराव पिंपाशी बसलेले. अर्ध्याहून जास्त लग्नं मोडली होती. माणूस उरलेले धागे चमच्याने एकीकडे करत होता. जेवलाही नाही. तानुबाईंना दया येत होती आणि राग येत होता. दोन्ही एकदम आलं की त्यांना फार चीड येते.

शनिवारी नऊच्या सुमारास सोनगीरहून जीप आली. सुंदरबाई उतरल्या. डोक्यावर टोपली, टोपलीत लाल कापडात कानबाईचा नारळ, गुडघ्यांत कळा, आणि डोळे मात्र विशीतल्या बाईचे. तानुबाईंनी आंब्याच्या पानांचं तोरण मुद्दाम खाली बांधलं होतं, तरी कागदाचं एक टोक बाहेर आलंच. सुंदरबाईंनी टोक पाहिलं. पिंपं पाहिली. कोरड्या हौदात वाकून पाहिलं; हल्ली या घरात सगळेच वाकत होते.

"हाई बठ्ठं हिरवंगार काय शे?"

"पाव्हण्यांचं आहे. अभ्यासाचं."

"आनि रोटले पानी कोठलं शे?"

तानुबाई रिकामा हंडा पदराने पुसू लागल्या. घरातला दीड हंडा काल माशांच्या गडबडीत सांडला होता, हे सांगण्यासारखं नव्हतं.

"मंग मी जास परत," सुंदरबाई म्हणाल्या. टोपली डोक्यावरून हलली नाही. जीपवाल्याने गाडी बंदही केली नव्हती.

एवढ्यात बोळातून महासतीजी येताना दिसल्या. पांढरी वस्त्रं, तोंडावर पट्टी, अनवाणी, खाली बघत, सावकाश. मोहनबाई दारात हात जोडून उभ्या. तानुबाईंना वाटलं, आता पुन्हा परत जातील. पण त्या थांबल्या नाहीत. बोळ कोरडा, करडा, स्वच्छ होता. त्याच्या टोकाला अभिमनराव गुडघ्यांवर बसलेले. पँट ढोपरापर्यंत वर, एका हातात चमचा, एका हातात दात घासायचा जुना ब्रश, पुढ्यात बाटल्यांची रांग. मासे खाऊन गेले त्याची भरपाई म्हणून हा माणूस फटफटल्यापासून बोळातलं शेवाळ उचलत होता. खरवडून नाही, चमच्याने, मुळाशी पाणी सोडून, जसंच्या तसं, जिवंत. पुढे गळू नये म्हणून तोटीला त्याने चिंधीही बांधली होती.

मोहनबाईंनी गोचरी वाढली. महासतीजी गेल्या. आणि मग मोहनबाई तानुबाईंच्या दारात आल्या तेव्हा त्यांच्या कमरेवर हंडा होता. मागून दलिचंदशेठ, दोन्ही हातांत दोन हंडे, चेहरा असा की दुकानात कोणी पाहू नये.

"एक जीव मेला नाही, तानुबाई. सगळे बाटलीत आहेत, मी स्वतः पाहिलं. आता मी 'बरं झालं' म्हणू शकते. बरं झालं!" त्यांनी हंडा ठेवला. "चौमासाचं पाणी आहे. गाळलेलं, उकळलेलं, निववलेलं."

सुंदरबाईंनी मान हलवली. टोपली डुलली. "दुसराना घरनं पानी रोटले चालत नही."

आता मात्र तानुबाईंना त्यांची जीभ सापडली.

"अक्का, रोट कुळाबाहेर जाऊ द्यायचा नाही, हा नियम. लग्न झालेल्या लेकीला नाही, जावयाला नाही, उष्टं पाणीसुद्धा बाहेर नाही. मान्य. पण पाणी आत येऊ द्यायचं नाही, हे कोणी सांगितलं? ज्या वर्षी सोनगीरची विहीर आटली, त्या वर्षी तुम्ही टँकरच्या पाण्यात कणीक भिजवली. मीच मळली, मला माहीत आहे. तो टँकर कोणत्या कुळाचा होता?"

जीपवाल्याने गाडी बंद केली.

सुंदरबाईंनी एकवार हंड्यांकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "कोनी तरी हात लावा ना. मन्ही मान मोडी ऱ्हायनी." आणि तानुबाईंनी एकतीस वर्षांत पहिल्यांदा, स्वतःच्या हातांनी, स्वतःच्या उंबऱ्यात टोपली उतरवून घेतली. परात पुन्हा चिंचेने घासली, तीनदा. तिसऱ्यांदा तर रागानेच.

रविवारी दुपारी घरात भाऊबंदकी मावत नव्हती. आतून बायकांची गाणी, पुरणाचा वास, चौरंगावर नथ घातलेली कानबाई. अभिमनराव निघाले होते. रोटाच्या पंगतीत जावयाला बसता येत नाही, म्हणून त्यांनी सकाळीच बाहेर पोहे खाल्ले होते. खांद्याला पिशवी, पिशवीत बाटल्या. ओट्यावर उभे राहून ते फोनवर बोलत होते. तानुबाई निरोप द्यायला बाहेर आल्या, मागोमाग सुंदरबाई, काय चाललंय ते बघायला.

फोन बंद झाला. अभिमनराव ओशाळं हसले.

"उरलेल्यांत बी धरलं, आई. माझ्या गाइड सरांना फोटो पाठवले होते. ते म्हणाले, यात नवीन काही नाही. अगदी साधं आहे, कुठल्याही डबक्यात मिळतं. म्हणाले, फेकून द्या."

"मग?"

"मग काय, बसस्टँडवर देईन टाकून. सर म्हणतायत तर."

आतलं गाणं संपलं. नऊ वर्षं तानुबाईंनी या माणसाला एक वाकडा शब्द बोललेला नव्हता. त्यांनी पदर खोचला.

"अभिमनराव, आज बोलते, ऐका. माझ्या परातीत तुम्ही शेवाळ भरलंत. माझ्या दारावर डासांचा कागद लागला. श्रावणात घरात मासे आले, आणि माझी कानबाई उंबऱ्यावरून परत निघाली होती. एवढं सगळं ज्याच्यापायी झालं, ते तुमचे सर फोनवर बसून डबक्यातलं म्हणतात, आणि तुम्ही 'हो सर' म्हणून ऐकून घेता? काल बोळात गुडघे सोलवटेपर्यंत उचललंत ते काय फेकायला? जा, लिहा तुमच्या त्या डॉक्टरकीच्या पुस्तकात, देवपूरच्या हौदात सापडलं म्हणून लिहा, नाव साधं तर साधं. तुम्ही माझा मुलगा असतात ना, तर आधी पाठीत धपाटा घातला असता आणि मग पानावर बसवून रोट वाढला असता. जावई आहात, म्हणून दोन्हीला मुकलात."